स्वस्त टॅब-लॅपटॉपचा जमाखर्च

व्यापारी घरात यंत्र विकत घेण्याची वेळ आली की पहिला प्रश्न किमतीचा असतो. या एकाच वस्तूत आणखी कोणाकोणाचे काम भागेल, हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतो. संगणकाच्या बाजारात या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून जी वस्तू आली तिला ‘टू-इन-वन’ म्हणतात. दहा इंची काचेची पाटी. खाली कळफलक जोडला की लॅपटॉप, काढून घेतला की टॅब. महागड्या टू-इन-वनची गोष्ट येथे नाही. साध्या लॅपटॉपच्या निम्म्या किमतीत मिळणाऱ्या, पंधरा ते वीस हजारांच्या टॅब-लॅपटॉपचे गुणदोष येथे तपासायचे आहेत, कारण छोट्या गावांतील पेढ्यांवर तोच अधिक करून घेतला गेला.

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण अशा वस्तूंना लावून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्याय्य होणार नाही. या यंत्राचे काही गुण खरोखरच असे आहेत की जे दुप्पट किमतीच्या लॅपटॉपमध्ये मिळत नाहीत. आणि त्याचा सर्वांत मोठा दोष बहुतेकांच्या लक्षात खरेदीच्या दिवशी येत नाही.

स्वस्तात संगणक घरोघरी पोचवण्याचे स्वप्न आपल्या देशाने या यंत्राच्या आधीच पाहिले होते. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते दिल्लीत ‘आकाश’ टॅबलेटचे अनावरण झाले. सरकारला तो सुमारे २,२७६ रुपयांना पडला. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी स्मृती. बोट नुसते टेकवून चालत नसे, दाबावे लागे. बॅटरी अल्पायुषी, गती मंद. पुढे या प्रकल्पाची सूत्रे मुंबईच्या आयआयटीकडे आली. प्रा. दीपक फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात लक्ष घातले आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश-२’ सादर झाला. त्याचा प्रोसेसर एक गिगाहर्ट्‌झचा, स्मृती दुप्पट आणि पडदा हलक्या स्पर्शाने चालणारा होता. किंमत जवळजवळ तीच राहिली. एका वर्षात एवढी सुधारणा झाली हे कौतुकास्पदच होते. तरीही ‘आकाश’ने एक गोष्ट शिकवली. आधी किंमत ठरवून मग तिच्यात बसेल असे यंत्र बनवले, तर कात्री कुठे लागली आहे हे वापरणाऱ्याने स्वतः शोधावे लागते.

टॅब-लॅपटॉपच्या बाबतीतही हेच घडले. ऑक्टोबर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने बोटाच्या स्पर्शाने चालेल अशी ‘विंडोज ८’ प्रणाली आणली, इंटेलने पंखा न लागणारे स्वस्त ‘ॲटम’ प्रोसेसर दिले, आणि भारतीय कंपन्या या बाजारात उतरल्या. २०१५ साली मायक्रोमॅक्सचा ‘कॅनव्हास लॅपटॅब’ १४,९९९ रुपयांना मिळू लागला. दहा इंची पडदा, २ जीबी रॅम, ३२ जीबी साठवण, सिम घालण्याची सोय. बंगळुरूच्या नोशन इंकचा ‘केन’ तर दहा हजारांच्या आत होता. नावे वेगवेगळी, पण त्या काळातील बहुतेक स्वस्त यंत्रांचे आतले सामान थोड्याफार फरकाने हेच होते. पाटीवर पूर्ण विंडोज चालते, टॅली चालते, एक्सेल चालते, हे ऐकून व्यापारी सुखावला. अँड्रॉइडच्या टॅबवर ते होत नव्हते.

गोंदियाच्या बाजारपेठेतील एका घाऊक किराणा पेढीवर असे एक यंत्र जुलै २०१७ मध्ये आले. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला जीएसटी लागू झाला होता. तोवर पेढीचे रोजचे लिखाण मुनीमजींच्या लाल वहीत होत असे आणि महिन्याकाठी ते दुकानाच्या कोपऱ्यातल्या जुन्या डेस्कटॉपवर चढवले जाई. आता बिलागणिक कर, ठरल्या तारखेला विवरण आणि उशीर झाला तर दिवसागणिक दंड, असा मामला सुरू झाला. धाकटा मुलगा म्हणाला, “बाबूजी, दोन यंत्रे घेण्यापेक्षा हे एकच घेऊ. दुकानातही चालेल, घरीही चालेल.” किंमत चौदा हजार, त्यावर अठरा टक्के जीएसटी २,५२०, एकूण १६,५२० रुपये. डेस्कटॉप भंगारात गेला.

‘घरीही चालेल’ या शब्दांना त्या घरात नेमका अर्थ होता. सूर्यास्तापूर्वी जेवण होणाऱ्या घरांत दुकानाचे वेळापत्रक इतरांसारखे नसते. संध्याकाळी गल्ला लवकर आवरायचा, घरी जेवायचे, प्रतिक्रमण आटोपले की मग निवांतपणे दिवसाची बिले मेळात बसवायची, ही त्या घराची रीत. वही काखोटीला मारून नेता येत होती. डेस्कटॉप नेता येत नव्हता. सव्वा किलोच्या आतले हे यंत्र वहीसारखेच पिशवीत घालून नेता येऊ लागले. घाऊक व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा छोटा लाभ नव्हे.

दुसरा लाभ वीज गेल्यावर कळला. पावसाळ्यात एक वादळ आले की दोन-तीन तास वीज नाही, हा जिल्ह्यातील अनेकांचा अनुभव. डेस्कटॉपला यूपीएस दहा-पंधरा मिनिटांचा आधार देई. हे यंत्र पाच-सहा तास सहज चाले.

आणि तिसरा लाभ मोठ्या मुलाला झाला. आमगाव, सालेकसा, देवरी, गोरेगाव, सडक अर्जुनी या भागांतील किरकोळ दुकानदारांकडून मागणी आणि वसुली आणण्याचे काम त्याच्याकडे होते. पूर्वी तो चिठ्ठ्या आणि उधारीची छोटी वही घेऊन निघे. आता कळफलक घरी ठेवून नुसती पाटी घेऊन जाऊ लागला. दुकानदाराच्या काउंटरवर पाटी ठेवायची आणि त्याचे खाते त्याच्याच डोळ्यांसमोर उघडायचे. मागच्या मालाची कोणती बिले चुकती झाली, कोणती राहिली, याविषयी जो वाद पूर्वी अर्धा तास चाले तो दोन मिनिटांत मिटे. लॅपटॉप उघडून बसले की मध्ये झाकणाची भिंत उभी राहते. पाटी दोघांच्या मध्ये सपाट पडते आणि दोघांनाही सारखीच दिसते. उधारीच्या व्यवहारात ही गोष्ट फार मोलाची आहे. सालेकसा-दरेकसाच्या जंगलपट्ट्यात नेटवर्क नसले तरी खाती यंत्रातच असल्यामुळे अडत नसे. आज सगळा हिशेब ‘क्लाउड’वर ठेवा असे सांगणाऱ्यांनी अशा गावांत एकदा फिरून यावे.

चौथा गुण कोणत्याही जाहिरातीत नव्हता. या यंत्राला पंखा नसतो. किराण्याच्या गोदामात हवेत काय नसते? पीठ, हळद, मिरचीची पूड, तांदळाचा कोंडा. साध्या लॅपटॉपचा पंखा हे सारे आत ओढून घेतो आणि वर्षा-दोन वर्षांत आतली जाळी बुजते. पंखाच नाही म्हटल्यावर धूळ ओढणार कोण? मात्र त्याची दुसरी बाजूही आहे. पंखा नसलेला प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती कमी करतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की दुपारी एक बिल छापायला जेवढा वेळ लागे, तेवढ्या वेळात मुनीमजी हाताने दोन बिले लिहीत. ते तसे बोलूनही दाखवत.

मुनीमजींची खरी तक्रार वेगळीच होती आणि ती पूर्णपणे रास्त होती. दहा इंची यंत्राच्या कळफलकाला उजवीकडचा आकड्यांचा संच नसतो. अंकांची रांग वर, अक्षरांच्या डोक्यावर. ज्याचा सगळा दिवस आकडे मांडण्यात जातो त्याच्यासाठी ही उणीव दाराला कडी नसण्यासारखी आहे. आकड्यांचा सुटा संच बाजारात मिळतो, पण तो जोडायचा कुठे? यूएसबीचे पूर्ण आकाराचे तोंड एकच, तेही कळफलकाच्या बाजूला. त्यात बिलाचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर लावायचा की रोजची प्रत काढण्यासाठी पेनड्राइव्ह लावायचा, हा झगडा आधीच चालू होता. शेवटी चार तोंडांचा हब आला आणि सुटसुटीत यंत्राभोवती तारांचे जाळे झाले. कंपनी किंवा एलएलपी असेल तर जीएसटीच्या विवरणावर डिजिटल सहीचे टोकनही लावावे लागते. सुदैवाने मालकी पेढीला मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने काम भागवता येते, म्हणून निदान तेवढे एक तोंड वाचले.

जोडाचीही गोष्ट सांगायला हवी. पाटी आणि कळफलक यांच्यामधला संबंध लोहचुंबक आणि चार-पाच पितळी टोचे यांच्यावर टिकून असतो. प्रोसेसर, बॅटरी, पडदा असे सगळे वजन पाटीत असल्यामुळे वरचा भाग जड आणि खालचा हलका. टेबलावर ठीक, मांडीवर किंवा गादीवर बसून काम करणाऱ्याला मात्र यंत्र मागे कलंडण्याची धास्ती. आपल्या पेढ्यांवर अजूनही गादी असते, खुर्ची नसते, हे लॅपटॉप बनवणाऱ्यांच्या ध्यानी येण्याचे कारण नाही. टोच्यांवर धूळ बसली की नोंद चालू असताना कळफलक मध्येच मुका होई. खोडरबराने टोचे घासण्याची युक्ती धाकट्या मुलाने शोधली आणि ती बरीच वर्षे पुरली.

येथवरचे दोष डोळ्यांना दिसणारे आहेत आणि त्यांच्यावर काही ना काही उपाय आहे. खरा दोष आत असतो. तो समजण्यासाठी पेढीचीच उपमा पुरेशी आहे. रॅम म्हणजे काउंटर आणि साठवण म्हणजे गोदाम. काउंटर दोन हातांचे असले तर एका वेळी दोनच गिऱ्हाइके उभी राहतात. टॅली उघडी ठेवून जीएसटीचे पोर्टल उघडले की तिसऱ्याला जागा नाही. गोदामाची स्थिती आणखी बिकट. खोक्यावर ३२ जीबी लिहिलेले असते, विंडोज ते आपल्या मापाने मोजून सुमारे २९ दाखवते, आणि त्यातील निम्मी जागा विंडोज स्वतःच अडवून बसते. पेढीचा वर्षाचा सगळा हिशेब काही शे एमबीत मावतो, त्याचा त्रास नाही. घरमालकापेक्षा भाडेकरूचे सामान जास्त, अशी ही अवस्था आहे. त्या काळी दर काही महिन्यांनी विंडोजची मोठी सुधारणा येई. तिला उतरायला तात्पुरती बरीच मोकळी जागा लागे, ती नसे, सुधारणा अर्ध्यावर थांबे आणि रोज नव्याने सुरू होऊ पाही. मायक्रोसॉफ्टने अशा वेळी बाहेरचा पेनड्राइव्ह जोडून काम भागवण्याची सोय ठेवली होती. पण पुन्हा प्रश्न तोच, तोंड एक.

मोठ्या लॅपटॉपमध्ये असे झाले तर तंत्रज्ञ मागचे झाकण उघडून रॅमची पट्टी वाढवतो, मोठी एसएसडी बसवतो आणि काही हजारांत यंत्राला आणखी चार-पाच वर्षे मिळतात. या यंत्रात रॅम आणि साठवण दोन्ही मूळ पट्टीवर डाख दिलेल्या असतात. शिवाय त्या काळी सर्रास वापरल्या गेलेल्या ॲटम झेड-३७३५एफ या प्रोसेसरची धावच २ जीबीपर्यंत. म्हणजे खरेदीच्या दिवशी जे मिळाले ते शेवटपर्यंत तेवढेच. एका अर्थी अशा यंत्राची खरेदी ही खरेदी नसून ठरावीक मुदतीचा भाडेकरार असतो. फरक एवढाच की मुदत करारात लिहिलेली नसते आणि ती ठरवणारा पक्ष वेगळाच असतो.

ती मुदत कशी संपते याचे उदाहरण नोव्हेंबर २०२० मध्ये आले. टॅलीची गोष्ट आपल्या व्यापारी घरांना परकी नाही. श्यामसुंदर गोयनका यांना आपल्या व्यवसायाचे हिशेब ठेवण्यासाठी हवा तसा प्रोग्राम मिळेना, म्हणून त्यांचे पुत्र भरत गोयनका यांनी तो स्वतः लिहिला, आणि १९८६ पासून त्याचाच मोठा उद्योग झाला. या कंपनीने २०२० मध्ये ‘टॅली ईआरपी ९’च्या जागी ‘टॅली प्राइम’ आणली. ती ६४-बिटच्या विंडोजवरच चालते. स्वस्त टॅब-लॅपटॉपमधील प्रोसेसर ६४-बिटचा असूनही त्यांवर कारखान्यातून ३२-बिटची विंडोज घातलेली असे, आणि यंत्राची मूळ व्यवस्थाही तशीच असल्याने ती बदलणे सामान्य तंत्रज्ञाच्या आवाक्यातले नव्हते. यंत्र चालू, पडदा शाबूत, बॅटरी ठीक. तरी नवी टॅली नाही. पेढी जुन्या आवृत्तीवर राहिली. या प्रसंगात टॅलीवाल्यांना दोष देता येत नाही आणि यंत्र विकणाऱ्यालाही देता येत नाही. खोक्यावरची तीन अक्षरे कोणी वाचली नव्हती, इतकेच.

पण तोवर त्या घरात एक निराळाच प्रश्न उभा राहिला होता.

मार्च २०२०च्या अखेरीस टाळेबंदी झाली. किराणा अत्यावश्यक सेवेत असल्यामुळे दुकान चालू राहिले, उलट काम वाढले. जूनपासून शाळा पडद्यावर आल्या. मोठ्या मुलाची मुलगी त्या वर्षी सातवीत होती. घरात ‘दुकानातही चालेल, घरीही चालेल’ असे यंत्र होतेच. सकाळी दहाला गणिताचा तास आणि सकाळी दहालाच दुकानात घाऊक मालाची बिले. पहिल्या आठवड्यात यंत्र घरी राहिले. दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड. महिना संपेपर्यंत ते दुकानात स्थिरावले आणि मुलगी आईच्या मोबाइलच्या सहा इंची पडद्यावर भूमितीच्या आकृत्या पाहू लागली. कोणी कोणावर अन्याय करायचा म्हणून हे केले नाही. प्रत्येक दिवशी त्या दिवसापुरते कारण सबळ होते. कधी गाडी खोळंबलेली, कधी विवरणाची तारीख, कधी करसल्लागाराचा फोन. एक यंत्र दोघांचे आहे असे म्हटले जाते तेव्हा ते प्रत्यक्षात त्याचे होते ज्याचे काम थांबल्याने रुपये अडतात. मुलीचा तास बुडाल्याने त्या दिवशी कोणाचेही रुपये अडत नव्हते.

एकदा तिने आजोबांना विचारले, “दादाजी, हे उघडून दोन भाग होतात ना? मग एक भाग मला द्या ना.” घरातले सगळे हसले. पण प्रश्न नेमक्या जागी लागला होता. कळफलक काढता येतो, हे खरे. पण तो काढून कोणाला द्यायचा? पाटीविना कळफलक म्हणजे नुसती झाकणी. यंत्राचे दोन भाग होतात, कामे मात्र दोन होत नाहीत. दुकानदार ‘टू-इन-वन’ म्हणतो तेव्हा एका माणसाच्या दोन गरजा, हा त्याचा अर्थ असतो. घरवाले त्याचा अर्थ दोन माणसांच्या गरजा असा घेतात. बहुतेक पश्चात्तापाचे मूळ या गैरसमजात आहे, रॅममध्ये नाही.

बँकेत व्यवहार करणाऱ्या जुन्या व्यापाऱ्यांना आठवत असेल, १९८४च्या रंगराजन समितीच्या शिफारशींनंतर बँकांत ‘एएलपीएम’ नावाची यंत्रे आली. लेजरमध्ये नोंदी चढवणे यापलीकडे त्यांना फारसे काही येत नसे. आज ती हास्यास्पद वाटतील. पण त्यांच्यावर हक्क सांगायला दुसरे कोणी येत नव्हते आणि दिवसाचा ताळेबंद त्याच दिवशी लागत होता.

आता किमतीकडे वळावे. आयकराच्या नियमांनुसार संगणकावर घटत्या मूल्याने वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो. हिशेबापुरते हे एकच यंत्र वेगळे धरले, तर चौदा हजारांचे पहिल्या वर्षाअखेर ८,४०० राहतात, दुसऱ्या वर्षी ५,०४०, तिसऱ्या वर्षी ३,०२४ आणि पाचव्या वर्षाअखेर सुमारे १,०८९. कायद्याचा हा अंदाज या जातीच्या यंत्राच्या बाबतीत आश्चर्यकारक रीतीने खरा ठरतो. तीन वर्षे ते पेढीचे मुख्य यंत्र म्हणून चालले, पुढची दोन वर्षे कुरकुरत चालले, आणि २०२२च्या उन्हाळ्यात पाटीची पाठ फुगली. दुकानात दिवसभर चार्जरला लावून ठेवलेले, त्यात गोंदियाचा मे महिना. लिथियमची बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि तापलेली राहिली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. फुगलेल्या बॅटरीला दाबू नये, टोचू नये, चार्ज तर मुळीच करू नये. तंत्रज्ञाने ती जपून काढली, मिळतीजुळती दुसरी बसवली आणि यंत्र पुन्हा उभे राहिले. पण आता ते फक्त भावपत्रक पाहण्यापुरते.

कराच्या हिशेबात आणखी एक बाब सुटते. खरेदीवर भरलेल्या २,५२० रुपयांची वजावट पेढीने घेतली होती. जीएसटीत अशी वजावट व्यवसायासाठी होणाऱ्या वापरापुरतीच मिळते. घरच्या वापराचा हिस्सा तीत धरता येत नाही. यंत्र खरोखर निम्मे मुलीचे असते तर वजावटही निम्मीच घ्यायला हवी होती. हिशेबाच्या वहीत ते पहिल्या दिवसापासून पूर्णतः पेढीचे होते, आणि वहीत होते तसेच अखेर घडले.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीच्या नियमित सुरक्षा-सुधारणा थांबवल्या. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. २ जीबी आणि ३२ जीबीच्या पिढीतील यंत्रांना येथून पुढे वाट नाही. बँकेचे व्यवहार किंवा करविवरण अशा यंत्रावरून करणे आता शहाणपणाचे नाही. जुने लॅपटॉप घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले, पंधरा-वीस हजारांत मिळणारे वापरलेले लॅपटॉप दुकानाच्या कामाला नव्या स्वस्त टॅब-लॅपटॉपपेक्षा बहुधा सरस असतात. कळफलक भक्कम, तोंडे भरपूर, रॅम वाढवता येते. मात्र इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल तर त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि स्वस्ताई तेथेच संपते. बॅटरी दमलेली असणार हे गृहीत धरून भाव करावा.

आज बाजारात कमी किमतीचे टू-इन-वन शोधले तर बहुतेक अँड्रॉइडचे टॅब पुढे येतात, कळफलकाचे कव्हर आणि लिहिण्याची लेखणी जोडून. २०१५च्या यंत्रांपेक्षा त्यांचा पडदा, गती आणि बॅटरी कितीतरी चांगली. परंतु टॅलीचा पूर्ण प्रोग्राम त्यांवर चालत नाही, जीएसटीचे ऑफलाइन साधन विंडोजसाठी आहे, एक्सेलही मोबाइलच्या धर्तीचे. पेढीचे एकमेव यंत्र म्हणून ते निरुपयोगी. व्याख्याने ऐकणे, पीडीएफवर लेखणीने टिपणे काढणे, प्रवासात वाचणे, यांसाठी मात्र त्याच किमतीचा लॅपटॉप त्यांच्या जवळपासही येत नाही. जुन्या विंडोजच्या पाटीवर स्वस्तातली लेखणी म्हणजे बोटाऐवजी रबराचे टोक असे. आता हात टेकवून वहीवर लिहावे तसे लिहिता येते.

गोंदियाच्या त्या घरात नात आता बारावी वाणिज्यला आहे आणि सीएच्या फाउंडेशन परीक्षेची तयारी करते आहे. गेल्या दिवाळीत चोपडापूजनाच्या आधी दोन खरेद्या झाल्या. दुकानासाठी पंधरा इंची वापरलेला लॅपटॉप आला. खोके उघडताच मुनीमजींनी आधी उजवीकडचा आकड्यांचा संच बोटांनी चाचपला, मग यंत्र सुरू करायला सांगितले. दुसरी खरेदी लेखणी आणि कळफलक असलेल्या टॅबची. त्याचे बिल करताना दुकानदाराने सवयीने पेढीचा जीएसटी क्रमांक विचारला. धाकटा मुलगा सांगूही लागला होता. बाबूजींनी त्याला थांबवले आणि बिल नातीच्या नावाने करायला सांगितले, क्रमांकाविना.